सायकलीवरून देहूरोड : गुडघ्यापर्यंतच्या पँटची गोष्ट

पुण्याहून मुंबईच्या जुन्या रस्त्याने निघाले की सुमारे २५ किलोमीटरवर देहूरोड लागते. लष्कराची वसाहत, रेल्वेचे छोटे स्टेशन आणि बाजारपेठ एवढीच या गावाची ओळख इतरांना असेल. आपल्यासाठी मात्र ती धम्मभूमी आहे. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेचा सोहळा झाला. त्याच्या जवळजवळ दोन वर्षे आधी, २५ डिसेंबर १९५४ रोजी, परमपूज्य बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना स्वतःच्या हस्ते देहूरोडच्या विहारात केली. दरवर्षी २५ डिसेंबरला तिथे उपासक-उपासिकांची रीघ लागते. कोणी लोकलने येतो, कोणी टेम्पो करून, कोणी पायी. आम्ही काही कार्यकर्ते सायकलीने जातो.

या लेखात देहूरोडच्या वाटेबद्दल तर सांगूच, पण त्या वाटेवर आम्हाला सतत भेटत राहिलेल्या एका प्रश्नाबद्दलही सांगायचे आहे. प्रश्न ऐकायला किरकोळ वाटेल, कोणाला हसूही येईल. सायकल चालवताना अंगात काय घालावे? फुलपँट की हाफ पँट? रोज कामावर सायकलीने जाणारा माणूस हा प्रश्न मनातल्या मनात सोडवतो, त्यावर बोलत कोणी नाही. आमच्या मते बोलले पाहिजे. कारण त्यात पैसा आहे, आरोग्य आहे आणि आपल्या समाजापुरते बोलायचे तर स्वाभिमानही आहे.

रस्ता आणि रस्त्यावरची माणसे

पुणे स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करून सकाळी सहाला निघायचे. संगम पूल ओलांडून वाकडेवाडीमार्गे खडकी गाठायची. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत त्या काळात कारखान्याची पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे या कारखान्यांच्या आणि लष्करी डेपोंच्या पगारावर उभी राहिली, मुले शिकली. त्या शिक्षणाच्या पायाशी बापाची एक काळी सायकल होती, हे विसरता येणार नाही.

बोपोडी मागे टाकून हॅरिस पुलावरून मुळा नदी ओलांडली की दापोडी येते. तिथे एस.टी.ची मोठी कार्यशाळा आहे. पुढे फुगेवाडी, कासारवाडी. इथे २०२२ सालापासून डोक्यावरून मेट्रो धावते. खालच्या रस्त्यावर मोटारींची दाटी आहे. पण सायकलवाला संपलेला नाही. सकाळी सातच्या सुमारास नीट पाहिले तर तो दिसतो. कंत्राटी कामगार, रात्रपाळी संपवून परतणारा वॉचमन, बांधकामावरचा मजूर, पेपर टाकणारा मुलगा, धुण्याभांड्यांच्या कामावर निघालेली ताई. मोटारसायकलचा हप्ता परवडत नाही, बसचा पास काढूनही बस वेळेवर मिळत नाही, म्हणून सायकल.

त्यांच्या कपड्यांकडे आम्ही मुद्दाम पाहत गेलो. एकाने जीन्सचा उजवा पाय पोटरीपर्यंत दुमडला होता, चेनचे काळे तेल लागू नये म्हणून. दुसऱ्याच्या टेरीकॉटच्या पँटला मागे ठिगळ होते, आणि ते ठिगळही विरले होते. तिसरा सिक्युरिटीवाला, त्याने गणवेशाची पँट पिशवीत घालून हँडलला अडकवली होती आणि स्वतः घरातली जुनी बर्म्युडा घालून निघाला होती तशी. थांबून विचारले तर म्हणाला, "दादा, गणवेशाचे पैसे पगारातून कापतात. सायकलीवर घातली की दोन महिन्यांत आसनात फाटते. मग काय करणार?"

कारकुनी करणाऱ्या आमच्यासारख्याला हिशेब कळतो. वर्षाला दोन पँट फक्त सायकलीच्या सीटवर घासून जात असतील, तर ती रक्कम मुलांच्या वह्यापुस्तकांतून जाते.

पँट फाटते कुठे आणि का?

याचे उत्तर कोणताही अनुभवी शिंपी देईल. फुलपँटच्या चार शिवणी आसनात एका बिंदूवर मिळतात. नेमका तोच बिंदू सायकलीच्या सीटवर येतो. जीन्समध्ये ही शिवण दुहेरी दुमडीची आणि दोरखंडासारखी जाड असते. मिनिटाला पेडलचे साठ फेरे धरले तरी अर्ध्या तासात अठराशे वेळा पाय वरखाली होतो. अठराशे वेळा ती गाठ सीटवर घासते. कापड विरते, आणि कापडाच्या आत कातडीही सोलवटते.

म्हणून सायकलीसाठी पँट घेताना आधी ती उलटी करून आसन पाहावे. चार शिवणींची गाठ नको. त्या जागी शंकरपाळ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा लावलेला असेल तर उत्तम. त्यामुळे शिवणी बाजूला सरकतात, पाय उचलायला कापड सैल मिळते आणि ताण एका बिंदूवर येत नाही. तयार पँटमध्ये असा तुकडा नसेल तर वस्तीतल्या शिंप्याकडून लावून घेता येतो. घरी शिलाई मशीन असलेल्या भगिनींना तर हे तासाभराचे काम आहे. जुन्या टेरीकॉटच्या फुलपँटचे पाय गुडघ्याशी कापावेत, आसन उसवून कापलेल्या पायातलाच तुकडा तिथे बसवावा, दुहेरी टीप मारावी आणि खाली दोन इंच दुमड ठेवावी. कामावर जायची उत्तम हाफ पँट तयार होते, आणि खर्च फक्त दोऱ्याचा.

पिंपरीचा थांबा

पिंपरी चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे. तिथे अभिवादन करून चहाला थांबायचा आमचा रिवाज आहे. जवळच हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आहे. त्याची स्थापना १९५४ सालची, म्हणजे देहूरोडच्या मूर्तिस्थापनेच्याच वर्षाची. या भागात कारखानदारी वाढली तशी खेड्यातून आलेली आपली माणसे इथे स्थिरावली.

पिंपरी कॅम्पातला कपड्यांचा बाजार प्रसिद्ध आहे. ज्यांना तयार माल घ्यायचा आहे त्यांनी पुढील गोष्टी पाहाव्यात.

कापड. निव्वळ सुती कापड घामाने भिजले की लवकर वाळत नाही, जड होते आणि जांघेत चिकटते. पातळ नायलॉन किंवा पॉलिस्टरचे, थोडेसे ताणले जाणारे कापड सायकलीला बरे. रात्री धुऊन टांगले की सकाळी वाळलेले असते. एकच पँट असलेल्याला याची किंमत कळते. होजिअरीची मऊ चड्डी घरात बरी वाटते, पण सीटवर तिचे लवकरच गोळे होतात.

कंबर. सायकलीवर माणूस पुढे वाकतो. पाठीमागची कंबर समोरच्यापेक्षा थोडी उंच हवी, नाही तर मागून पाठ उघडी पडते. जाड बक्कलाचा पट्टा पोटात रुततो. त्यापेक्षा रुंद इलॅस्टिक आणि आत नाडी असलेली कंबर आरामाची.

खिसे. चेन असलेला एक तरी खिसा हवा. उघड्या तिरक्या खिशातून किल्ली आणि सुटे पैसे रस्त्यावर पडतात, आणि मागून मोटारींच्या गर्दीत ते शोधायला वाकणे धोक्याचे.

रंग. काळा, निळा, राखाडी किंवा मातकट. तेलाचा डाग दिसत नाही आणि रेशनच्या दुकानात, बँकेत, शाळेत त्याच पँटवर जाता येते. ज्यांना रात्री परतायचे आहे त्यांनी शर्ट मात्र फिकट घालावा आणि मागे चमकपट्टी लावावी.

दुकानात नुसती कंबरेला लावून पँट घेऊ नये. घालून पाहावी, उकिडवे बसावे, एक पाय स्टुलावर ठेवावा. कुठे ओढल्यासारखे वाटले तर ती सायकलीची नव्हे. दुकानदार हसला तर हसू द्यावे, पैसे आपले आहेत.

अंगाला घट्ट बसणाऱ्या, शर्यतवाल्यांच्या चड्डीविषयी तरुण मुले विचारतात. लांब पल्ल्याला ती उपयोगी असते, कारण तिच्यात आत पातळ गादी असते. पण पाच-सात किलोमीटरवर कामाला जाणाऱ्याला तिची गरज नाही. तास-दीड तासाच्या वर सायकल चालवायची असेल तर तशी गादीची आतली चड्डी घ्यावी आणि वरून आपली नेहमीची सैल हाफ पँट घालावी. ही गादीची चड्डी उघड्या अंगावरच घालायची असते, तिच्या आत दुसरी अंडरवेअर घातली की शिवणींचा त्रास पुन्हा आलाच.

निगडीपर्यंत पाय बोलू लागतात

चिंचवड, आकुर्डी करत निगडीला पोहोचेपर्यंत पाय भरून येतात. इथे पँटच्या लांबीचा निकाल लागतो. फार आखूड पँट सीटवर बसताच आणखी वर सरकते. मांडी सीटला घासते, आणि चौकात सिग्नलला थांबल्यावर आपल्यालाच संकोच वाटतो. फार लांब पँट गुडघ्यावर अडकते, दर फेऱ्याला गुडघा कापड ओढतो. आतल्या शिवणीचे माप नऊ ते अकरा इंच असेल तर उभे राहिल्यावर पँट गुडघ्याच्या आसपास येते आणि बसल्यावर थोडी वर जाते. ज्यांना गुडघा झाकलेला हवा त्यांनी गुडघ्याखाली येणारी थ्री-फोर्थ घ्यावी, मात्र तिचा पाय गुडघ्याशी सैल असावा. खालचा घेर अघळपघळ नको. उतरताना तो सीटच्या टोकात अडकून माणूस पडतो.

भगिनींसाठी दोन शब्द. ओढणी आणि सलवारीचा घोळ चाकात अडकून होणारे अपघात थोडे नाहीत. कुर्त्याखाली थ्री-फोर्थ घातली आणि ओढणी घरी ठेवली किंवा कमरेला बांधली, तर मुलगी बिनधास्त सायकल चालवू शकते. "लोक काय म्हणतील" हा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलीच्या आधी स्वतःला विचारून सोडवावा. आपल्याच वस्तीत काही मुलींची सायकल आठवीनंतर कपड्यांच्या कारणाने सुटते. सायकल सुटली की दूरचे कॉलेज सुटते, हे लक्षात घ्यावे.

आरोग्याचेही सांगितले पाहिजे. घामाने ओली पँट दिवसभर अंगावर ठेवल्याने जांघेत नायटा होतो. कामावर पोहोचल्यावर कोरडे कपडे बदलावेत, सायकलीची पँट रोज धुऊन उलटी करून वाळवावी. नायटा झालाच तर मेडिकलमधून कोणतेही मलम आणून चोळू नये. काही मलमांत स्टेरॉइड असते, त्याने खाज तात्पुरती थांबते आणि नायटा आतून पसरतो. सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरांना दाखवावे. घरात एकाला झाला तर टॉवेल वेगळे करावेत.

देहूरोडच्या विहाराशी

निगडीच्या पुढे लष्करी हद्द लागते, झाडी वाढते, गोंगाट कमी होतो. देहूरोडचा बाजार ओलांडून विहाराशी आलो की सायकली भिंतीला लावायच्या, नळावर हातपाय धुवायचे. एका फेरीत तिथे एक वृद्ध गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, दोन्हींना कडक इस्त्री. डेपोतून निवृत्त झालेले.

"जय भीम, बाबा."

"जय भीम. कुठून आलात?"

"पुण्याहून. सायकलीवर."

त्यांनी आमच्या गुडघ्यांकडे पाहिले. म्हणाले, "बाबासाहेबांनी आपल्याला सूटबूट दिला आणि तुम्ही शिकलीसवरलेली माणसे चड्डीवर फिरता?"

"विहारात फुलपँट घालूनच जाणार बाबा, पिशवीत आहे," आम्ही म्हणालो.

ते काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितले, की डेपोत रोजंदारीवर लागले तेव्हा त्यांच्याजवळ एकच हाफ पँट होती. साहेब लोक त्यांना नावाने हाक मारत नसत, 'ए चड्डी' म्हणत. कायम झाल्यावर पहिल्या पगारात त्यांनी कापड घेतले आणि फुलपँट शिवली. "त्या दिवसापासून मी बाहेर कोणाला गुडघा दाखवला नाही," ते म्हणाले.

वाचकहो, या एका वाक्यापुढे आमची शिवणींची आणि कापडाची सगळी माहिती थिटी होती. आपल्या वडीलधाऱ्यांना हाफ पँट नकोशी वाटते ती उगाच नाही. हाफ पँट म्हटले की त्यांना आठवतो घरगडी, हमाल, जुन्या काळचा पोलीस शिपाई. दुसरी आठवते ती शाखेतली खाकी चड्डी, जी २०१६ साली त्यांनीच सोडून फुलपँट घेतली. या दोन्हींत आपला मान कुठेच नव्हता.

कपडा ही आपल्यासाठी कधीच साधी गोष्ट नव्हती. १९२८ साली इंदूर भागातल्या गावांत सवर्णांनी बलाई समाजावर नियम लादले होते. रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या आपल्या ग्रंथात हे उदाहरण जगापुढे मांडले. त्याआधी, महाडला डिसेंबर १९२७ मध्ये झालेल्या परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला आणि अस्पृश्यतेची ओळख सांगणाऱ्या दागिन्यांचा त्याग करायला सांगितले होते. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. २७ वर्षांनी त्याच तारखेला देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना झाली. ही तारीख आपण दोन्ही कारणांसाठी लक्षात ठेवतो.

मग आम्ही त्या बाबांना काय उत्तर द्यावे? आमच्यातल्या एका तरुणाने त्यांना आपली हकीकत सांगितली. तो एका कंपनीत संगणकावर काम करतो. एके रविवारी मित्राला भेटायला सायकलीवरून एका मोठ्या सोसायटीत गेला. अंगात हाफ पँट. फाटकावर त्याला अडवले, "सामान पोहोचवणाऱ्यांनी मागच्या दाराने यायचे" असे सांगितले. त्याच वेळी महागड्या सायकलीवर, तशाच हाफ पँटमध्ये दुसरा एक गृहस्थ आला. त्याला सलाम ठोकून फाटक उघडले. पँट दोघांची सारखीच होती.

"मग तू काय केलेस?" बाबांनी विचारले.

"पुढच्याच दाराने गेलो. नाव लिहिले, सही केली आणि गेलो. पुढच्या रविवारीही हाफ पँटवरच गेलो."

बाबा हसले. त्यांनी त्याच्या पँटचे कापड चिमटीत धरून पाहिले आणि विचारले, "हे वाळते लवकर?"

आमचे म्हणणे एवढेच आहे. बाबासाहेबांच्या सूटचा अर्थ गुडघा झाकणे एवढाच नव्हता. आपण काय घालायचे हे दुसऱ्याने ठरवायचे नाही, हा त्याचा अर्थ होता. बाबांच्या तरुणपणी हाफ पँट त्यांच्यावर लादलेली होती, म्हणून ती टाकणे हा स्वाभिमान. आज कामगाराला तीच पँट सोयीची वाटत असेल, तर लाजेपोटी जीन्स घालून कातडी सोलून घेणे किंवा लाजेपोटी सायकलच सोडून कर्जाने मोटारसायकल घेणे, यात स्वाभिमान नाही. तसेच, फाटकावरच्या शिपायाने सलाम ठोकावा म्हणून महागडी ब्रँडची चड्डी घेणे यातही नाही.

मात्र जागेचे भान ठेवावे. विहारात गुडघे झाकलेले असावेत, ही रीत जगभरच्या बौद्ध देशांत पाळली जाते. पिशवीत एक पातळ फुलपँट ठेवली की काम भागते. वरून ओढून घालायलाही दोन मिनिटे लागतात. कार्यालयात लोकांची कामे करताना, सभेत, कोणाच्या दुःखाच्या प्रसंगी फुलपँटच शोभते. चेनला पूर्ण कव्हर असलेली जुन्या घडणीची सायकल असेल आणि अंतर दोन-तीन किलोमीटर असेल, तर फुलपँट घालून पायाला क्लिप लावली तरी पुरते. हाफ पँट घातलीच पाहिजे असा नियमही आपल्याला नको.

पुढच्या फेरीविषयी

देहूरोडपासून मुंबईच्या दिशेने थोडे पुढे गेले की शेलारवाडीच्या डोंगरात कोरलेली प्राचीन बौद्ध लेणी आहेत. पायऱ्या चढून जावे लागते. चढताना मोकळ्या पँटचा उपयोग तिथेही कळतो. वर थांबून खाली पाहिले की रेल्वे, रस्ता आणि वस्ती एका नजरेत येते. मुलांना ही लेणी जरूर दाखवावीत. पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकलेला इतिहास तिथे हाताला लागतो.

येत्या २५ डिसेंबरला ज्यांना सायकलीने यायचे आहे त्यांनी आठ दिवस आधीपासून रोज थोडी सायकल चालवून सराव करावा. सीटची उंची अशी ठेवावी की पेडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ होईल. नवी पँट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नये, आधी चार दिवस कामावर जाताना वापरून पाहावी. पिशवीत फुलपँट, पाण्याची बाटली, पंक्चरचे सामान आणि मेणबत्त्या घ्याव्यात. वडीलधाऱ्यांनी आणि लहान मुलांनी पुणे-लोणावळा लोकलने देहूरोड स्टेशनला उतरावे, तिथून सर्वांनी मिळून विहारात जावे.

आणि वाटेत कोणी कामगार बंधू सायकलीवर भेटला, त्याची पँट आसनात विरलेली दिसली, तर त्याला शंकरपाळ्याच्या तुकड्याची युक्ती जरूर सांगावी. वर्षाची एक पँट वाचली तरी त्याच्या घरी एका मुलाच्या वह्या येतील.

नमो बुद्धाय! जय भीम!